ताप उतरला म्हणजे आजार संपला काय?

ताप उतरला की माणूस बरा झाला, असे आपण सर्रास मानतो. खाडा पडतो म्हणून कामगार तिसऱ्या दिवशी पाळीवर हजर होतो. आम्ही काही वैद्यकशास्त्राचे पंडित नव्हे. पण कामगारांच्या रजेचे तंटे लढविताना जे वाचावे लागले, त्यावरून हा समज पुरता खरा नाही एवढे सांगू शकतो.

फ्लू, न्यूमोनिया, कोविड अशा आजारांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका काही काळ वाढतो. असे का व्हावे? गुठळीची तीन कारणे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने ओळखली जातात : रक्ताचा वेग मंदावणे, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल वाढणे. श्वसनाच्या आजारात ही तिन्ही एकत्र येऊ शकतात. जंतूंशी झुंजताना शरीरात दाह होतो, त्याने अस्तर दुखावते. रक्त गोठविणारी द्रव्ये वाढतात, प्लेटलेट चिकटू लागतात. अंथरुणाला खिळल्याने पायांतील रक्त संथ वाहते. पायातील गुठळी सुटून फुफ्फुसात अडकली तर जीव धोक्यात येतो. मेंदूच्या धमनीत गुठळी अडकली तर पक्षाघात होतो.

2004 साली ब्रिटनमधील दवाखान्यांच्या नोंदी तपासण्यात आल्या. प्रत्येक रोग्याची तुलना त्याच्याच एरवीच्या दिवसांशी केली. श्वसनाच्या आजाराच्या पहिल्या तीन दिवसांत पक्षाघाताचा धोका सुमारे तिप्पट, तर हृदयविकाराच्या झटक्याचा सुमारे पाचपट आढळला. पुढे काही आठवड्यांत तो ओसरला. फ्लूची लस घेतल्यानंतर मात्र असा धोका वाढलेला दिसला नाही. स्वीडनमध्ये दहा लाखांहून अधिक कोविड रोग्यांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फुफ्फुसातील गुठळीचा धोका सहा महिन्यांपर्यंत वाढलेला आढळला.

श्रोतेहो, याने घाबरून जाऊ नये. निरोगी तरुणाचा मूळ धोका इतका अल्प, की तिप्पट होऊनही तो अल्पच राहतो. जपायचे ते वृद्धांनी, रक्तदाब व मधुमेह असणाऱ्यांनी आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी. आजारात नेहमीची औषधे मनाने बंद करू नयेत. पाणी प्यावे, झेपेल तसे घरातल्या घरात चालावे. रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर क्षणभरही न थांबता मोठे रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. एकच पाय सुजला किंवा एकाएकी धाप लागली, तरीही तसेच करावे.

रजा घेतल्याने गुठळी टळतेच, असा आमचा दावा नाही. पण त्या दिवसांत घरच्यांची नजर असते, औषधपाण्याची वेळ सांभाळता येते. यंत्रापाशी एकट्या उभ्या माणसाचे बोलणे अडखळले, तर ते कोणाच्या ध्यानात येणार? आजारपणाच्या रजेचा आग्रह आम्ही धरतो तो एवढ्यासाठीच.