मक्याला कुलूप, चुन्याची किल्ली

भाजलेलं कणीस, वर लिंबू-मीठ-तिखट! सुटलं ना तोंडाला पाणी? पण फक्त मक्यावरच दिवस काढले तर काय होईल?

साधारण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिण भागात हे खरंच घडलं. तिथले गरीब लोक बहुतेक मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी एवढंच खायचे. त्यांना पेलाग्रा नावाचा आजार व्हायचा. ऊन लागेल तिथली कातडी लाल होऊन खरबरीत व्हायची, जुलाब लागायचे, पुढेपुढे माणूस भ्रमिष्ट व्हायचा. बरेच डॉक्टर म्हणाले, हे जंतूंचंच काम!

१९१४ साली सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासाला पाठवलं. अनाथाश्रमांत त्यांनी पाहिलं, तर मुलं आजारी आणि कर्मचारी ठणठणीत. जंतू काय पगार बघून चावतात? फरक होता ताटात! मुलांना दूध, अंडी, मांस मिळू लागलं आणि पेलाग्रा पळाला. तरी लोकांना पटेना. मग या पठ्ठ्याने आणि त्याच्या बायकोने पेलाग्राच्या रुग्णांचं रक्त चक्क स्वतःला टोचून घेतलं. तरी पेलाग्रा काही झाला नाही!

ताटात काय कमी होतं, ते कळायला १९३७ साल उजाडलं. ते होतं नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व. त्यापासून आपल्या पेशी ‘एनएडी’ नावाचा रेणू बनवतात. तो नसेल तर खाल्लेल्या अन्नातून ऊर्जाच काढता येत नाही.

आता खरी गंमत. मेक्सिकोत लोक हजारो वर्षं मका खातात, त्यांना पेलाग्रा का नाही? कारण तिथे मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर भिजवतात, धुतात आणि मग वाटून त्याच्या पोळ्या करतात. मक्यात नायसिन असतं, पण कुलूपबंद! पोटाला ते सुटत नाही. चुना ते कुलूप उघडतो. बाकीच्या जगाने मका उचलला, किल्ली मात्र मेक्सिकोतच राहिली.

आपल्या दख्खनमध्येही निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाल्याचं हैदराबादच्या शास्त्रज्ञांना आढळलं होतं. म्हणून भाकरीशेजारी शेंगदाण्याची चटणी हवी, तिच्यात नायसिन भरपूर. डाळ आणि दूधही हवं, कारण त्यांतल्या प्रथिनांपासून शरीर थोडं नायसिन स्वतःच तयार करतं.

मग आज जेवताना ताटात डोकावा आणि सांगा, तुमचं नायसिन कुठे दडलंय?