न उघडलेल्या खाणीची सत्तेचाळीस वर्षे

कोलोरॅडोतल्या माउंट एमन्स या डोंगराभोवतीच्या जमिनींची अदलाबदल २०२४ साली अमेरिकेच्या वनखात्याने पूर्ण केली आणि डोंगराखालचा मॉलिब्डेनमचा साठा खाणकामाच्या आवाक्याबाहेर गेला. हा साठा जगासमोर आला होता १९७७मध्ये. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत कंपन्या आल्या, गेल्या, एकमेकींत विलीन झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण विकण्यासाठी म्हणून इथून मॉलिब्डेनम कधी निघालेच नाही. खाणींचा इतिहास लिहिताना चालू झालेल्या खाणींचेच गोडवे गायले जातात. मला मात्र ही न उघडलेली खाण जास्त बोलकी वाटते. साठ्याचे मूल्यमापन करतात म्हणजे नेमके कशाचे करतात, हे तिच्यात लख्ख दिसते.

डोंगराच्या पायथ्याशी क्रेस्टेड ब्यूट हे छोटे गाव आहे. समुद्रसपाटीपासून २,७०० मीटर उंचीवर. आधी चांदी, मग कोळसा. कोळशाची मोठी खाण १९५२मध्ये बंद पडली. साठच्या दशकात स्कीइंग आले, त्याच्या मागोमाग शहराला कंटाळलेली तरुण मंडळी आली आणि गाव पुन्हा हलते झाले. गावकरी या डोंगराला ‘रेड लेडी’ म्हणतात, कारण त्याच्या एका कुशीतली माती तांबडीभडक आहे. सौंदर्य म्हणून मिरवणारा हा रंग भूवैज्ञानिकासाठी खूण असतो. खडकातले पायराइट हवापाण्याने कुजले की लोहाचा गंज मागे राहतो, आणि पायराइट आहे तिथे कधीकाळी गरम खनिजयुक्त पाणी खेळले असण्याची शक्यता असते. याच उतारावर लोहयुक्त, आम्लधर्मी पाण्याची एक दलदल आहे. तिच्यात ड्रॉसेरा ही कीटक खाणारी, दुर्मीळ वनस्पती उगवते. खाण नव्हती तेव्हाही इथले पाणी काही गंगाजल नव्हते. पुढच्या वादात दोन्ही बाजूंनी हा मुद्दा आपापल्या सोयीने वापरला.

शोध घेणारी कंपनी होती अमॅक्स. मॉलिब्डेनम म्हटले की त्या काळी हेच नाव पुढे येई. कोलोरॅडोतलीच क्लायमॅक्स ही तिची खाण अनेक दशके जगाच्या पुरवठ्याचा मोठा वाटा उचलत होती, आणि १९७६मध्ये हेंडरसन ही दुसरी प्रचंड खाण सुरू झाली होती. पोलादाला ताकद देणारा आणि गंज रोखणारा हा धातू ग्रॅनाइटी शिलारसाच्या वरच्या टोकाशी, क्वार्ट्‌झच्या केसासारख्या बारीक शिरांच्या जाळ्यात बसतो, हे अमॅक्सच्या लोकांना क्लायमॅक्समध्ये वर्षानुवर्षे काम करून पाठ झाले होते. अशा साठ्याचा आकार साधारण उपड्या वाटीसारखा असतो: आत निर्धातुक ग्रॅनाइट, वर आणि कडेने मॉलिब्डेनाइट या मॉलिब्डेनमच्या खनिजाचे कवच. पंचाईत ही की, ते कवच वरून दिसत नाही. शेजारच्या रेडवेल खोऱ्यात आधी बोअर घेतले, तिथे मॉलिब्डेनाइट सापडले, पण खोल आणि हलक्या प्रतीचे. तिथून लक्ष वळले ते डोंगराच्या दुसऱ्या बाजूकडे, कीस्टोन या शिसे-जस्ताच्या जुन्या खाणीच्या परिसराकडे, आणि तिथे खरे घबाड हाती लागले.

थॉमस आणि गेली या भूवैज्ञानिकांनी १९८२मध्ये ‘इकॉनॉमिक जिऑलॉजी’ या नियतकालिकात या शोधाची हकीकत लिहिली. तिच्यातला आकडा असा: १५ कोटी ५० लाख अमेरिकी टन खडक, त्यात सरासरी ०.४४ टक्के मॉलिब्डेनाइट. हा आकडा कुणी डोंगर फोडून मोजलेला नसतो. ठरावीक अंतरावर बोअर घ्यायचे, दगडाचा लांब दांडा बाहेर काढायचा, लांबीने उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत पाठवायचा, अर्धा पेटीत जपून ठेवायचा. दोन बोअरांच्या मधला खडक कसा असेल हे नंतर गणिताने ठरवायचे. त्यात एक मर्यादा आखावी लागते: या प्रतीखालचा दगड आपल्या हिशेबात दगडच. एमन्ससाठी ती ०.२ टक्के होती. ही मर्यादा निसर्गाने घालून दिलेली नाही. ती बाजारभाव आणि उत्खननाचा खर्च यांवरून माणूस ठरवतो. मर्यादा वर-खाली केली की साठा फुगतो किंवा आकसतो, डोंगर मात्र जागच्या जागी.

थोडे गणित करून पाहू. मॉलिब्डेनाइटमध्ये वजनाने साधारण ६० टक्के मॉलिब्डेनम असते. म्हणजे ०.४४ टक्के प्रतीच्या एका अमेरिकी टनात (९०७ किलो) सव्वापाच पाउंडांच्या आसपास धातू. १९७९मध्ये रोखीच्या बाजारात मॉलिब्डेनमचा भाव पाउंडाला २० डॉलरच्या वर गेला होता. त्या भावाने एका टनातल्या धातूची किंमत शंभर डॉलरच्या पुढे जाते. काही वर्षांतच भाव ५ डॉलरच्या खाली आला, आणि त्याच टनाची किंमत सव्वीस-सत्तावीस डॉलरच्याही खाली घसरली. तेवढ्यात खोदणे, दळणे, तरंगवून खनिज वेगळे करणे, भाजणे आणि उरलेला ९९ टक्क्यांहून अधिक दगडाचा चिखल कुठेतरी कायमचा सांभाळून ठेवणे हे सगळे बसवायचे. अमॅक्सची योजना दिवसाला २० हजार टन खडक काढायची होती. एवढा चिखल वीसेक वर्षे साठवायला डोंगराळ मुलखात सपाट जागा आणायची कुठून, हा प्रश्न धातूच्या प्रतीइतकाच महत्त्वाचा होता.

सुमारे एक अब्ज डॉलरचा हा प्रकल्प जाहीर झाला त्या वर्षी क्रेस्टेड ब्यूटचे महापौर होते डब्ल्यू. मिचेल. १९७१मध्ये मोटरसायकलच्या अपघातात ते भयंकर भाजले होते आणि १९७५च्या विमान अपघाताने कमरेखालचे शरीर लुळे पडले होते. चाकाच्या खुर्चीतून त्यांनी अमॅक्सशी झुंज दिली. वर्तमानपत्रांना आणि टीव्हीला याहून चांगली गोष्ट कुठे मिळणार होती! १९७७मध्येच हाय कंट्री सिटिझन्स अलायन्स ही नागरिकांची संघटना उभी राहिली. पण मला गावाची खरी हुशारी दिसते ती भाषणांत नव्हे, पाण्यात. कोलोरॅडोचा कायदा गावाला आपल्या पाणीपुरवठ्याच्या वर पाच मैलांपर्यंत प्रदूषण रोखण्याचा अधिकार देतो. गावाचे पिण्याचे पाणी येते कोल क्रीकमधून आणि कोल क्रीक वाहते त्याच डोंगराखालून. गावाने पाणलोट संरक्षणाचा नियम केला आणि प्रकल्पाला गावाच्या परवानगीच्या चौकटीत आणले.

१९८१मध्ये अमॅक्सने माघार घेतली. गावात आजही ही कथा डेव्हिड-गोलायथच्या थाटात सांगतात. ती निम्मी खरी आहे. भाव कोसळले नसते तर अमॅक्स इतक्या सहज गेली असती असे मला वाटत नाही. क्लायमॅक्ससारखी तयार खाणही पुढे मंदीत थंडावली, तिथे नव्या खाणीची काय कथा! गावाने मिळवला तो वेळ. परवान्यांत आणि सुनावण्यांत गेलेली वर्षे भावाच्या तेजीतली वर्षे होती. खाणीच्या हिशेबात वेळ हाही खर्चाचा रकाना असतो आणि बोअरच्या पेटीत तो दिसत नाही.

मात्र साठा कागदावर जिवंत राहिला. १९९३मध्ये अमॅक्स सायप्रस या खाणकंपनीत विलीन झाली, १९९९मध्ये ही एकत्रित कंपनी फेल्प्स डॉज या दुसऱ्या खाणकंपनीने घेतली. १८७२च्या खाण कायद्यानुसार सरकारी जमिनीवरचा खाणदावा एकरी ५ डॉलरला मालकीहक्काने मिळू शकत असे. अमेरिकी काँग्रेसने १९९४पासून नवे अर्ज थांबवले, पण इथला अर्ज त्याआधीचा होता. परिणामी २००४मध्ये सुमारे १५५ एकर जमीन फेल्प्स डॉजला हजार डॉलरपेक्षाही कमी पैशांत मिळाली. गाव, जिल्हा आणि नागरिक संघटना कोर्टात गेले आणि हरले. एकोणिसाव्या शतकातला कायदा एकविसाव्या शतकातल्या डोंगराचा भाव ठरवत होता.

२००६मध्ये फेल्प्स डॉजने दावे मूळ धारक यू. एस. एनर्जी या छोट्या कंपनीला परत केले. सोबत जुन्या कीस्टोन खाणीचे पाणी शुद्ध करण्याचे केंद्रही दिले. अमॅक्सने उभारलेल्या या केंद्राचा खर्च वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक, उत्पन्न शून्य. तेव्हा मॉलिब्डेनम पुन्हा तेजीत होते. प्रकल्पाला ‘लकी जॅक’ असे झोकदार नाव मिळाले. आधी कोबेक्स आणि मग २००८मध्ये थॉम्पसन क्रीक भागीदार म्हणून आल्या. त्याच वर्षीच्या जागतिक मंदीत भाव पुन्हा आपटले आणि २०११पर्यंत थॉम्पसन क्रीकही बाहेर पडली. नाव बदलल्याने नशीब बदलत नाही, हे भागधारकांना कळायला जरा वेळ लागला.

आपल्याकडच्या वाचकाला यात एक ओळखीचा धागा सापडेल. तमिळनाडूतल्या हरूर परिसरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला मॉलिब्डेनाइट सापडले आहे. देशाच्या खनिजांची नोंद नागपूरच्या भारतीय खाण ब्यूरोमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वर्गवारीने ठेवली जाते. त्या वर्गवारीत तीन अंग असतात: आर्थिक व्यवहार्यता, प्रकल्पाच्या अभ्यासाची पातळी आणि भूवैज्ञानिक खात्री. तिन्ही जुळल्याशिवाय ‘संसाधना’चा ‘साठा’ होत नाही. २०२३मध्ये केंद्र सरकारने मॉलिब्डेनमला ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत घेतले. वृत्तपत्रांतल्या बातम्या बहुधा वर्गवारीतल्या फक्त तिसऱ्या अंगावर भर देतात, म्हणून ‘अमुक लाख टन सापडले’ हे वाक्य वाचताना बाकीची दोन अंगे विचारायला हवीत.

एमन्सवर शेवटचा अंक पाण्यानेच घडवला. यू. एस. एनर्जीची आर्थिक ओढाताण वाढली, शुद्धीकरण केंद्र बंद पडले तर काय, अशी धास्ती निर्माण झाली. तोवर फेल्प्स डॉज फ्रीपोर्ट-मॅकमोरॅन या खाणकंपनीच्या पोटात गेली होती. २०१६मध्ये फ्रीपोर्टच्या उपकंपनीने ती मालमत्ता आणि केंद्र ताब्यात घेतले आणि खाणीचा विचार सोडण्याची तयारी दाखवली. त्याच वर्षी गावच्या मतदारांनी या व्यवहारासाठी २१ लाख डॉलर द्यायला मंजुरी दिली. कुणीही न काढलेल्या मॉलिब्डेनमसाठी गावाने मोजलेली ही रोख किंमत.

२०२४मध्ये अदलाबदल पूर्ण झाली. कागदावरचा साठा संपला, तरी कीस्टोनमधून झिरपणारे धातुयुक्त पाणी थांबलेले नाही. शिसे-जस्ताची ती खाण बंद होऊन पन्नासहून अधिक वर्षे झाली, आणि तिचे पाणी कोल क्रीकमध्ये सोडण्याआधी शुद्ध करण्याचे काम आजही रोज करावे लागते.