कंबर दुखते, पण दोष कुणाचा?

गेल्या वर्षी रमजानमध्ये घरी तरावीह पढताना सजद्यातून मला उठताच येईना. भिंतीचा आधार घेऊन कशीबशी उभी राहिले. लेकीने काही न बोलता खुर्ची आणून ठेवली. आजारी माणसाला बसून नमाज अदा करण्याची सवलत दीनने दिली आहे, ही अल्लाहची रहमतच. पण कुठे पडले नाही, लागले नाही, तरी वयाच्या 44व्या वर्षी खुर्ची का लागावी, हा प्रश्न मनातून जाईना.

वर्षभर बाम चोळला, पट्टा बांधला, गोळ्या घेतल्या. एक्स-रेमध्ये विशेष काही निघाले नाही. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी मला टेबलाच्या कडेला पाठीवर झोपवून एक गुडघा छातीशी धरायला सांगितला. दुसरी मांडी खाली टेकेचना. त्या म्हणाल्या, "कंबरेचा दोष नाही, बाई. ती बिचारी दुसऱ्यांचे काम करतेय."

त्यांनी समजावले ते असे. कंबरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत एक मोठा स्नायू जातो. आपण तासन्‌तास बसतो तेव्हा तो आखडलेल्या स्थितीत राहतो. उभे राहिल्यावर तो ओटीपोटाचे हाड पुढे ओढतो आणि कंबरेचा बाक वाढतो. दुसरीकडे, न वापरल्यामुळे पोटाचे आणि नितंबांचे स्नायू दुबळे होतात. वाकून उठताना शरीर उचलण्याचे मुख्य काम नितंबांचे. ते कमी पडले की भार पाठीच्या स्नायूंवर येतो. घरात तिघे हातावर हात ठेवून बसले की राबणारा एकटा कण्हणारच! काही स्नायू आखडलेले, काही ढिले अशा या असमतोलाची मांडणी चेक डॉक्टर व्लादिमीर यांदा यांनी केली होती.

अर्थात प्रत्येक कंबरदुखीचे कारण एवढेच नसते. अपुरी झोप, चिंता, वजन, जड काम यांचाही वाटा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार 2020 साली जगात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती आणि बहुतेकांच्या दुखण्यामागे एकच एक ठोस बिघाड दाखवता येत नाही. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या अशा दुखण्यावर नुसती विश्रांती हा इलाज नाही. पडून राहिल्याने दुबळे स्नायू आणखी दुबळे होतात.

मला तीन साधे व्यायाम मिळाले. पहिला, एक गुडघा घडी केलेल्या चादरीवर टेकवून दुसरे पाऊल पुढे ठेवायचे आणि मांडीच्या पुढच्या भागाला ताण जाणवेपर्यंत हळूच पुढे सरकायचे, 30 सेकंद. दुसरा, उताणे झोपून, गुडघे वाकवून नितंब वर उचलायचे, 10 वेळा. तिसरा, हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ करायचा, मग उलट. श्वास रोखायचा नाही, दुखणे वाढले तर थांबायचे. शिवाय रोज चालणे, आणि वह्या तपासताना अर्ध्या तासाने उठणे. फरक जाणवायला दोन महिने लागले.

कुणी म्हणेल, दिवसातून पाच वेळा नमाज पढतो, मग व्यायाम कशाला? नमाज ही इबादत आहे, कसरत नव्हे. उलट रुकू-सजदा नीट करता यावेत म्हणूनच शरीर सांभाळायचे. ती अल्लाहची अमानत आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरता येणे, पायातली ताकद जाणे, ताप किंवा पडल्यानंतरचे दुखणे असेल, तर व्यायाम करत बसू नका. लगेच डॉक्टर गाठा. दुखण्याच्या गोळ्याही मनाने महिनोन्‌महिने घेऊ नका. पोट आणि मूत्रपिंडांना त्या महागात पडतात.

यंदाच्या रमजानमध्ये, अल्हम्दुलिल्लाह, खुर्ची लागली नाही. कंबर अधूनमधून कुरकुरते. तेव्हा समजते की चार दिवस व्यायाम चुकला. आपल्या घरातही अम्मी किंवा भाभी कंबर धरून उठत असतील, तर त्यांना आराम करा एवढेच सांगून थांबू नका. त्यांच्या हातातले थोडे काम घ्या आणि त्यांना रोजची पंधरा मिनिटे स्वतःसाठी द्या.