एका सेकंदाला पाच पिशव्या

मृग लागला की बुलडाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालच्या कृषी केंद्रांपुढे कपाशीच्या बियाण्यासाठी गर्दी होते. शेतकऱ्याचं लक्ष वाणावर, भावावर आणि आभाळावर असतं. बियाणं ज्या पाकिटात आलं, त्या पाकिटाकडे कोण बघतो? पण हिशेब करून पाहा. महाराष्ट्रात कपाशी साधारण ४० लाख हेक्टरांवर, म्हणजे १ कोटी एकरांवर घेतली जाते. एकरी दीड पाकीट धरलं तरी एका खरिपाला दीड कोटी पाकिटं लागतात. आणि मिनिटाला ३०० पिशव्या काढणारं एकच यंत्र रात्रंदिवस चालवलं, तर दीड कोटी पिशव्या ३५ दिवसांत तयार होतात.

बियाण्याचं पाकीट अनेक थरांचं असतं, त्यामुळे ते निराळ्या आणि जरा धिम्या यंत्रावर बनतं. पण साध्या पॉलिथिनच्या पिशवीसाठी मिनिटाला ३०० हा काही विक्रमी आकडा नाही. ब्रेडच्या किंवा भाजीच्या पिशव्या कापून, चिकटवून, रचून देणारी चांगल्या प्रतीची यंत्रं साधारण या वेगानं चालतात. मिनिटाला ३०० म्हणजे सेकंदाला ५. डोळ्याची पापणी लवेपर्यंत एक पिशवी.

एक यंत्र, एक जिल्हा

तासाला १८ हजार, दिवसाला ४ लाख ३२ हजार. २०११ च्या जनगणनेत बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. एक यंत्र सहा दिवस अखंड चाललं, तर वरवट बकालपासून सिंदखेड राजापर्यंत जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाच्या, अगदी पाळण्यातल्या बाळाच्याही हातात एकेक पिशवी पडेल. त्याच जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. अख्ख्या राज्याला पुरायला त्या एकाच यंत्राला २६० दिवस लागतील, म्हणजे वर्षसुद्धा नाही.

आता एक ठरावीक पिशवी घेऊ: २० सेंटिमीटर रुंद, ४० सेंटिमीटर लांब, ५० मायक्रॉन जाड. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अशा पिशवीचं वजन भरतं सव्वासात ग्रॅमच्या जरा वर. हातात घेतली तर वजन जाणवतही नाही. पण दिवसाची बेरीज केली तर ३,१८० किलो होते. प्लॅस्टिकचा कच्चा माल म्हणजे दाणा, आणि तो २५ किलोच्या गोण्यांत येतो. हे यंत्र एका दिवसात अशा सुमारे १२७ गोण्या फस्त करतं. एका ग्रॅममध्ये अंदाजे ४० दाणे बसतात. त्या हिशेबानं एका पिशवीत तीनशेच्या आसपास दाणे आणि दिवसाला पावणेतेरा कोटी दाणे.

लांबीचंही तसंच आहे. एका पिशवीला २० सेंटिमीटर फिल्म लागते, म्हणजे दिवसाला ८६ किलोमीटर. मुंबई ते शेगाव हा रेल्वेमार्ग साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपास आहे. सात दिवसांत यंत्रातून सरकलेली फिल्म रुळांच्या कडेनं अंथरली, तर शेगाव स्टेशन मागे टाकून अकोल्याच्याही पुढे जाईल.

०.२ सेकंदात काय काय होतं

पिशवी बनते कशी? दाणा वितळवून गोल फटीतून बाहेर काढतात. आत हवा भरली की त्याचा मोठा लांबट फुगा होतो. तो थंड करून, चपटा दाबून त्याचे रोल गुंडाळतात. हा रोल दुमडलेल्या अवस्थेत पिशवीच्या यंत्राला लावला जातो. तापलेलं पातं खाली येतं आणि एकाच फटक्यात एका पिशवीची उजवी कड आणि पुढच्या पिशवीची डावी कड कापतं आणि चिकटवतं.

आता वेळेचा हिशेब बघा. एका पिशवीच्या वाट्याला ०.२ सेकंद येतात. पातं टेकलेलं असताना फिल्म हलता कामा नये. म्हणून निम्मा वेळ तिनं स्थिर राहायचं आणि उरलेल्या ०.१ सेकंदात २० सेंटिमीटर पुढे सरकून पुन्हा जागच्या जागी थांबायचं. भौतिकशास्त्राच्या साध्या सूत्रात हे आकडे घातले, तर त्वरण येतं सेकंदवर्गाला ८० मीटर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या आठपट. तेही सेकंदाला पाच वेळा सुटायचं आणि पाच वेळा थांबायचं, दिवसभर, रात्रभर. आणि हे सगळं दोन पदर मिळूनही एक दशांश मिलिमीटर जाडीच्या, ओढलं तर ताणल्या जाणाऱ्या फिल्मला सोसायचं असतं.

खरी कसरत यानंतर सुरू होते. पिशवी कापून मोकळी झाली की ती कुणाच्याच ताब्यात नसते. तिला स्वतःचा ताठपणा नसतो, कागदासारखी ती ढकलता येत नाही. हवेची झुळूक लागली की ती उडते. त्यात पॉलिथिन विजेचं वाहक नाही. रुळांवरून घासत आल्यानं त्यावर स्थिर विद्युतभार साचतो आणि पिशव्या कधी एकमेकींना चिकटतात, कधी यंत्राच्या अंगाला. म्हणून वाटेत काही हजार व्होल्टच्या दांड्या बसवलेल्या असतात. त्या भोवतालच्या हवेत आयन तयार करून हा भार उतरवतात.

मग पुढे येतात फिरते हात. एका आसावर चक्राच्या आऱ्यांसारखे हातांचे जोड बसवलेले असतात आणि प्रत्येक हाताला बारीक छिद्रं असतात. छिद्रांतून हवा आत ओढली जाते, पिशवी हाताला चिकटते, हात अर्धा फेरा घेतो आणि पलीकडच्या दोन उभ्या पोलादी खुंट्यांवर तिला नेऊन अडकवतो. पिशवीच्या ओठाला आधीच दोन भोकं पाडलेली असतात आणि ती खुंट्यांवर नेमकी बसावी लागतात. त्या क्षणी ओढ सुटते, हात रिकामा होतो आणि मागून दुसरी पिशवी आलेलीच असते. या यंत्राला कारखान्यात विकेटर म्हणतात. अहमदाबादची ममता मशिनरी अशा यंत्रांसाठी ओळखली जाते.

हजारात एक पिशवी वाकडी बसली तर काय बिघडलं, असं आपल्याला वाटेल. पण हजारात एक म्हणजे दिवसाला ४३२. त्यातली एक जरी खुंटीवर आडवी अडकली, तरी सेकंदाला पाच या वेगानं मागच्या पिशव्या तिच्यावर येऊन आदळतात. मग यंत्र थांबवावं लागतं. मिनिटभराचा खोळंबा म्हणजे ३०० पिशव्यांचं नुकसान.

थप्पी हलवायची कशी?

या यंत्रांवर साधारण २५० पिशव्यांची एक थप्पी होते. प्रत्येक पिशवीचे दोन पदर मिळून ०.१ मिलिमीटर, म्हणजे अडीचशेंची थप्पी अवघी अडीच सेंटिमीटर जाड. ती ५० सेकंदांत भरते. थप्पी भरली की खुंट्यांची साखळी एक घर पुढे सरकते आणि रिकाम्या खुंट्या पुढ्यात येतात. पण फिरते हात थांबलेले नसतात. दोन पिशव्यांमधल्या ०.२ सेकंदाच्या फटीत पावणेदोन किलोंहून जड थप्पी बाजूला जायला हवी आणि नव्या खुंट्या नेमक्या जागी यायला हव्यात. ते जमत नसेल तर एखाददुसरा ठोका पिशवीविना सोडून द्यावा लागतो. इथला प्रत्येक वाचलेला ठोका म्हणजे पैसा.

हेच काम माणसानं हातानं करायचं म्हटलं तर? तासाला ७२ थप्प्या, आठ तासांच्या पाळीत ५७६. पिशव्या १ लाख ४४ हजार, वजन १ टनाच्या वर. दर ५० सेकंदांनी एक थप्पी उचलायची, कडा जुळवायच्या, खोक्यात ठेवायची आणि ना चहा ना तंबाखू, लगेच पुढचीकडे वळायचं. पिशवी बनवण्यापेक्षा ती उचलण्यासाठी अभियंत्यांनी जास्त डोकं का खर्च केलं, ते या आकड्यांवरून कळतं.

एका दिवसाच्या सगळ्या थप्प्या एकावर एक ठेवल्या, तर ४३ मीटर उंच मनोरा होतो. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर उंच आहे. एका यंत्राला त्या उंचीपर्यंत पोचायला ३९ दिवस पुरतात.

युरियाच्या गोणीतली दोरी

वरवट बकालला खऱ्या अर्थानं ओळखीची प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे युरियाची गोणी. २०१८ पासून ती ५० किलोंऐवजी ४५ किलोंची झाली. ही गोणी फिल्मची नसते. पॉलिप्रॉपिलिनच्या चपट्या पट्ट्या गोल मागावर विणून तिचं कापड होतं. पट्टी साधारण अडीच मिलिमीटर रुंद. गोणी ६० सेंटिमीटर रुंद आणि मीटरभर लांब धरा. तिचा घेर १२० सेंटिमीटर, म्हणजे ताण्याच्या ४८० पट्ट्या, प्रत्येकी १ मीटर. बाण्याचे ४०० फेरे, प्रत्येकी १२० सेंटिमीटर. दोन्ही मिळून ९६० मीटर. एक गोणी उसवली तर जवळजवळ किलोमीटरभर पट्टी निघते.

देशात वर्षाला ३५० लाख टनांहून जास्त युरिया खपतो. म्हणजे सुमारे ७८ कोटी गोण्या आणि पट्टीची लांबी ७५ कोटी किलोमीटर. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर दूर आहे. एका वर्षाच्या युरियाच्या गोण्या उसवल्या, तर ती पट्टी सूर्यापर्यंत दोनदा जाऊन परत येईल आणि तिसऱ्यांदा पोचेल. आणि हे फक्त युरियाचं. डीएपी, सिमेंट, सरकी-ढेप, पशुखाद्य, तांदूळ अजून मोजलेलेच नाहीत. या गोण्या कापणारी, शिवणारी, मोजून गठ्ठ्यात रचणारी यंत्रंही आता हाताविना चालतात. कानपूरची लोहिया कॉर्प गोल मागांसाठी जगभर ओळखली जाते.

जाडीचा कायदा

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबई विसरलेली नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि तुंबलेल्या गटारांसाठी पातळ पिशव्यांनाही दोषी धरलं गेलं. त्यानंतर राज्यानं पिशवीच्या जाडीवर बंधन आणलं. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं तर कॅरीबॅगच बंद केली. केंद्रानं आधी ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन ही किमान जाडी ठरवली.

जाडी वाढवून काय साधतं? आपली २० बाय ४० सेंटिमीटरची पिशवी २० मायक्रॉनची असेल तर किलोला ३४० बसतात. १२० मायक्रॉनची असेल तर जेमतेम ५७. ३४० असल्या की दुकानदार कोथिंबिरीच्या जुडीलाही फुकट पन्नी देतो. ५७ असल्या की हात आखडतो. शिवाय जाड पिशवी भंगारवाला उचलतो, कारण किलोभर गोळा करायला ५७ वेळा वाकावं लागतं, ३४० वेळा नाही.

परतीचा आकडा

बंदीतून दुधाची पिशवी वगळली गेली, कारण तिला पर्याय नव्हता. २०१९ च्या जूनमध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितलं होतं की राज्यात रोज १ कोटी दुधाच्या पिशव्या कचऱ्यात जातात आणि त्यांचं वजन ३१ टन भरतं. रिकामी पिशवी परत केली की ग्राहकाला ५० पैसे मिळावेत, अशी योजनाही मांडली गेली. ५० पैशांना आज कोणी वाकत नाही. पण १ कोटी पिशव्यांचे ५० लाख रुपये होतात, रोजचे, आणि वर्षाचे १८२ कोटींच्या वर. त्या पिशव्या चपट्या करून रचल्या तर दिवसाची थप्पी किलोमीटरभर उंच होते. कळसूबाईला ३९ दिवस घेणाऱ्या यंत्राच्या मानानं हा ढीग दुसऱ्याच दिवशी शिखराच्या वर जातो.

कारखान्यातलं यंत्र प्रत्येक पिशवी मोजतं. अडीचशेची थप्पी म्हणजे अडीचशेच. पुढे तीच पिशवी घरातून निघून उकिरड्यावर, नाल्यात, शेताच्या धुऱ्यावर किंवा गाईच्या पोटात गेली, की तिचा हिशेब ठेवणारं यंत्र कुठेही नाही. जाण्याचा आकडा नेमका आणि येण्याचा आकडा अंदाजाचा, असा हा व्यवहार आहे.

त्यातला एक भाग मात्र आपल्या कात्रीत आहे. दुधाची पिशवी फोडताना आपण कोपरा कापून टाकतो. दोन-दोन सेंटिमीटर बाजूंचा तो त्रिकोण भरतो ०.०१८ ग्रॅम, प्लॅस्टिकच्या एका दाण्याहूनही हलका. पण १ कोटी घरांत रोज तो कापला, तर दिवसाला १८४ किलो आणि वर्षाला ६७ टन तुकडे होतात. पिशवी भंगारात जाते, तिला किलोनं भाव येतो. हे तुकडे मात्र कोणी वेचू शकत नाही. ते थेट मोरीत आणि मातीत जातात. तेव्हा कोपरा पूर्ण कापू नका. चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकलेला राहू द्या, पिशवी धुऊन वाळवा आणि रद्दीसोबत द्या. खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट, बचत वर्षाला ६७ टन.