डेल्टा सिग्मा पाय : चौघांपासून मुलींपर्यंत

न्यूयॉर्क विद्यापीठाने 1900 मध्ये वाणिज्याची शाळा काढली. दिवसभर कचेरीत राबून संध्याकाळी वर्गात बसणारी मुले तिथे मोठ्या संख्येने येत. मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघायला अजून तेरा वर्षे होती. 7 नोव्हेंबर 1907 रोजी या शाळेतल्या अलेक्झांडर मकाय, अल्फ्रेड मोयसेलो, हॅरल्ड जेकब्ज आणि हेन्री टीन्केन या चौघांनी डेल्टा सिग्मा पाय ही संघटना उभी केली. अल्फा कप्पा साय ही तशीच संघटना तिथे 1904 पासून होतीच. व्यापार हाही वकिली-डॉक्टरकीच्या तोलाचा पेशा आहे, हे मुलांना आपसांत आणि जगालाही पटवायचे होते. 1914 मध्ये शिकागोला नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात दुसरी शाखा निघाली आणि पुढे शाखा वाढत गेल्या.

मुलींना मात्र प्रवेश नव्हता. शाखेने दरवर्षी निवडलेली ‘रोझ ऑफ डेल्टासिग’ होण्याचा मान तेवढा त्यांच्या वाट्याला येई. सौंदर्याचा मुकुट मिळे, सभासदत्व नाही. हिशेबात आणि अर्थशास्त्रात तितक्याच हुशार असलेल्या मुलींचा हा अपमान होता, असे मला स्पष्ट वाटते. त्या रुसून बसल्या नाहीत. 16 जून 1924 रोजी शिकागोत दोन महिला संघटनांच्या सभासदांनी एकत्र येऊन फाय काय थीटा ही मुलींची संघटना काढली. त्याच वर्षी नॉर्थवेस्टर्नमध्ये फाय गॅमा न्यूही निघाली.

दुसऱ्या महायुद्धात डेल्टा सिग्मा पायचे सभासद सैन्यात गेले आणि अनेक शाखा ओस पडल्या. युद्धानंतर त्या सावरल्या. साठच्या दशकाच्या अखेरीचा काळ अधिक कठीण होता. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पेटलेल्या तरुणांना दीक्षाविधी, बिल्ले आणि बड्या कंपन्यांची नोकरी यांचे आकर्षण उरले नव्हते.

अशा वेळी 1972 चा ‘टायटल नाइन’ हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेद करायला त्याने मनाई केली. 1974 च्या दुरुस्तीने केवळ मैत्री-मेळाव्यांसाठी असलेल्या बंधुसंघटनांना सूट मिळाली, व्यावसायिक संघटनांना नाही. 1975 मध्ये डेल्टा सिग्मा पायने मुलींना सभासद करून घेतले. अमेरिकेत व्यवसायशिक्षणाची पदवी घेणाऱ्यांत 1971 मध्ये मुली जेमतेम 9 टक्के होत्या. 1985 पर्यंत हे प्रमाण 45 टक्क्यांच्या घरात गेले. ही लाट बाहेरच राहिली असती तर संघटनेचे काय झाले असते? मुली आल्या आणि ती पुन्हा सावरली. अशा पुनरुज्जीवनाचे श्रेय संस्थांच्या इतिहासात सहसा पदाधिकाऱ्यांना मिळते. माझ्या मते ते या कायद्याचे, आणि उशिरा उघडलेल्या दारातून आत येऊन शाखा चालवायला घेणाऱ्या मुलींचे आहे.

त्याच कायद्यामुळे फाय काय थीटालाही मुलांना प्रवेश द्यावा लागला. मुलींनी मुलींसाठी उभारलेली हक्काची जागा त्यात गेली, याची हळहळ वाटते. संघटना मात्र टिकली. 2024 मध्ये तिने शंभरी गाठली.