अप्पर, डिप्पर आणि अंधारातली ट्रॉली



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या गटांच्या बैठकीची वेळ आपोआप अलीकडे येते. एरवी सात वाजता निवांत बसणाऱ्या बाया पाचलाच "उरका ताई" म्हणायला लागतात. कारण एकच, रस्ता. आमच्या गटांतल्या कितीतरी जणींनी कर्ज काढून स्कूटी घेतली. बँक, दवाखाना, बाजार, पोरांची शाळा सगळं तिच्यावर होतं. पण दिवस मावळला की स्कूटी दारात आणि घरचे म्हणतात, "कशाला जातेस रात्रीची?" गाडीचे हप्ते आपण भरायचे आणि ती कधी चालवायची हे मात्र समोरच्याच्या वाईट सवयीनं ठरवायचं, हे काही आम्हाला पटत नाही. म्हणून आज त्या सवयींबद्दल बोलूया.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती डोळ्यावर येणाऱ्या उजेडाची. दिव्याचे दोन प्रकार असतात. डिप्पर म्हणजे खाली, जवळच्या रस्त्यावर पडणारा उजेड. अप्पर म्हणजे लांबवर सरळ जाणारा. समोरून कुणी येत असेल तर डिप्पर करायचा, एवढा साधा नियम. तरी दहातले आठ जण अप्परवरच येतात, असं आम्हाला तरी वाटतं. सगळेच मुद्दाम करतात असं नाही. पुष्कळांना आपला दिवा अप्परवर आहे हेच माहीत नसतं. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू झालं की आपोआप लागतो, बंद करायचं बटणच नाही. त्यामुळे डाव्या अंगठ्याजवळच्या बटणाकडे कुणी बघतच नाही. (दिवसा दिवा दिसला की अजूनही लोक हातानं खुणा करून "लाइट बंद करा" सांगतात, त्यांना काय म्हणावं!) मीटरवर निळी खूण दिसत असेल तर दिवा अप्परवर आहे, हे लक्षात ठेवा. घरी गेल्यावर नवऱ्याला, मुलाला ती खूण दाखवा. आमच्या गटात निम्म्या घरांत ती कुणालाच ठाऊक नव्हती.

आता दिपण्याचा हिशेब बघा. ताशी चाळीसच्या वेगानं गाडी एका सेकंदात साधारण ११ मीटर जाते. उजेडानं डोळे तीन सेकंद दिपले, तर आपण ३३ मीटर, म्हणजे शंभर फुटांहून जास्त अंतर आंधळ्यासारखे गेलो. तेवढ्यात पुढे खड्डा, कुत्रं, माणूस काहीही असू शकतं. म्हणून समोरच्या दिव्याकडे बघू नका. नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा, वेग आधीच कमी करा. आपणही चिडून अप्पर मारायचा नाही. त्यानं समोरचा सुधारत नाही, दोघंही आंधळे होतात आणि अंतर कमी होत असतं.

दुसरी गोष्ट उसाच्या ट्रॉलीची. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे बाहेर आलेली उसाची टोकं, दिवा नाही. रेडियम असलं तरी चिखलानं माखलेलं किंवा लोंबणाऱ्या पाचटानं झाकलेलं. मागून येणाऱ्याला उसाचा काळा ढीग अगदी जवळ गेल्यावर दिसतो. त्यात ट्रॉली पंक्चर झाली की तिथेच रस्त्यावर उभी, मागे चार दगड मांडायचे आणि झालं. ट्रॉली जाते, दगड तिथेच राहतात! समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरची वेगळीच गंमत. एक दिवा गेलेला असतो, म्हणून लांबून मोटारसायकल वाटते. आपण कडेनं जायला जागा धरतो आणि तिथे आख्खं चाक येतं. अंधारात एकच दिवा दिसला तर मोटारसायकल समजू नका, मोठी गाडी आहे असं धरून डावीकडे सरका. आणि ट्रॅक्टरच्या मागे हॉर्न वाजवत चिकटून राहू नका. इंजिनाच्या आणि टेपच्या आवाजात त्याला हॉर्न ऐकू येत नाही, उसाआड आपण दिसतही नाही. ड्रायव्हरचं तोंड आरशात आपल्याला दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही.

बाई गाडी चालवतेय म्हटल्यावर मागून हॉर्न देत कट मारणारे तर वेगळेच. त्यांच्याशी शर्यत नको. जाऊ द्या पुढे.

पण मैत्रिणींनो, ट्रॅक्टरवर बसलेला माणूस कोण असतो? एका बैठकीत आम्ही विचारलं, ज्यांच्या घरातलं कुणी ऊस वाहतं त्यांनी हात वर करा. अकरा हात वर झाले. पंधरा बायांची बैठक होती! मग शिव्या द्यायला जरा अवघड झालं. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, म्हणून ट्रॉली जास्त भरतात. कारखान्यावर गव्हाणीला नंबर लागेपर्यंत रात्र जाते, झोप नाही, आणि खेप संपली की लगेच दुसरी. हे कारण आहे, माफी नाही. पाठीमागे दिवा लावायला टन आड येत नाहीत.

तेव्हा आता आम्ही रेडियमची पट्टी विकत घेतोय, गटाच्या पैशातून. मागे लाल, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, असा रंग लक्षात ठेवायचा. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर आणि चाकाजवळ बाजूला लावायची. ओल्या फडक्यानं फळी पुसून, वाळवून मगच चिकटवा, नाहीतर दोन दिवसांत निघते. ऊस भरल्यावर पट्टीवर पाचट लोंबत नाही ना, हे निघताना बघायचं. डबा द्यायला फडावर जाणारी बाई हे काम सहज करू शकते. एकीनं नवऱ्याला सांगितलं, आधी पट्टी पुसा, मग भाकरी खा. तो पुसतो म्हणे, कुरकुरत.

अपघात दिसला तर घाबरून पुढे जाऊ नका. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका येते. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं संरक्षण दिलंय. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही.

आमच्या गटाच्या बैठका या आठवड्यापासून पुन्हा सातला बसतात. परत जाताना तीन-तीन स्कूट्या एकत्र निघतात, एकामागोमाग, डिप्परवर, मध्ये दोन सेकंदांचं अंतर ठेवून. पुढची गाडी झाडाजवळून गेली की "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणायचं. तोपर्यंत आपण झाडापाशी पोचलो नाही, म्हणजे अंतर बरोबर आहे.