आधी वजन, मग नाकडोळे

चित्रकला शिकायला येणाऱ्या मुलांच्या वह्यांत माणसांना पाय नसतात. गुडघ्यापर्यंत माणूस नीट काढलेला असतो आणि त्याखाली गवत उगवते. ओतूरकडची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या वहीतही असेच गवत होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही शासकीय रेखाकला परीक्षा तिने चांगल्या श्रेणीत पास केलेल्या. तांब्या-घागरीचा छायाप्रकाश सफाईने जमायचा, पण माणूस आला की हात आखडायचा. परीक्षेतल्या स्मरणचित्रासाठी तिने काही माणसे पाठच करून ठेवली होती: डोक्यावर पाटी घेतलेली बाई, फुगेवाला, पाठमोरा म्हातारा. जत्रा असो की बसथांबा, माणसे तीच. ठरलेल्या वेळेत कागद भरायचा असतो, म्हणून मुले हाच मार्ग धरतात.

मी तिचे खोडरबर काढून घेतले, हातात काळे पेन दिले आणि तिला नारायणगावच्या एसटी स्टँडवर बसवले. चेहरा काढायचा नाही, एवढीच अट. एसटीची वाट पाहणारा माणूस दोन्ही पायांवर सारखा उभा राहत नाही. भार एका पायावर घेतो. त्या बाजूचे कंबरेचे हाड वर उचलले जाते, खांदा खाली येतो आणि दुसरा गुडघा सैल पडतो. पेन्सिल डोळ्यासमोर उभी धरून गळ्याच्या खळगीपासून ओळंबा सोडला, तर तो भार घेतलेल्या पावलापाशी उतरतो. हे एकदा दिसले की पाय लपवता येत नाहीत, कारण सगळे चित्र त्यांच्यावरच उभे असते. सुरुवातीला तिची रेषा केसाळ होती, लहान लहान तुकडे जोडून केलेली. गाडी फलाटाला लागली की समोरचा माणूस निघून जायचा. मग पुढच्या वेळी खांद्यापासून टाचेपर्यंतची रेषा एका दमात यायला लागली.

बेल्ह्याचा बैलबाजार सोमवारी भरतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिथे जायला लागलो, आणि तिला खरे परीक्षक तिथे भेटले. दावणीला बांधलेल्या एका खिलार बैलाचे चित्र तिने मन लावून काढले. वशिंड, शिंगांचा बाक, गळ्याची पोळी, सगळे झकास. मागे उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याने वहीत डोकावून पाहिले आणि म्हणाला, "पोरी, पुढचं पाय लई मागं घेतलंस. असा उभा ऱ्हायला तर तोंडावर पडंल की ह्यो." तिने बैलाकडे पाहिले, वहीकडे पाहिले. त्या शेतकरी बाबांचे खरे होते. डोके, मान आणि छाती एवढे सगळे वजन पुढे, म्हणून पुढचे पाय छातीखाली खांबासारखे हवेत. तिने शेजारीच दुसरा बैल काढला. बाबा पुन्हा आले. "आता उभा ऱ्हाईल," म्हणाले आणि निघून गेले. मला वर्गात हे शिकवायला किती बोलावे लागले असते!

माणूस समोर बसवून शिकायची सोय कलाशाळेत असते. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ची. १९१९ साली तिथे प्राचार्य म्हणून आलेल्या कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी जिवंत मॉडेलवरून अभ्यासाचे वर्ग सुरू केले. ठरावीक वेळ न हलता बसणारा माणूस समोर असणे हे चित्रकाराचे मोठे भाग्य. जुन्नर-आंबेगावच्या मुलांना ते कुठून मिळणार? पण आपल्याकडे काम करणारी माणसे आहेत, आणि कामाचा एक गुण असा की तीच हालचाल पुन्हा पुन्हा येते. अर्धवट राहिलेली रेषा पुढच्या फेरीला पुरी करता येते.

हे सर्वांत चांगले कळले ते आवणीत, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, आहुप्याच्या वाटेवर भातखाचरात बायका ओळीने वाकलेल्या. धो धो पाऊस, वही उघडणे अशक्य. मग ती बांधावर उभी राहून बघायची आणि एका घराच्या पडवीत येऊन काढायची. पहिल्या चित्रांत पाठी लांबच लांब आल्या, कारण पाठ लांब असते हे तिला माहीत होते. समोरून पाहिले तर वाकलेल्या बाईची पाठ जवळजवळ दिसतच नाही. दिसते डोके, खांदे आणि चिखलात गेलेला उजवा हात. डावे कोपर मांडीवर टेकलेले, मुठीत रोपांची जुडी. ती पुन्हा पावसात गेली, पुन्हा पाहिले, पुन्हा पडवीत आली. संध्याकाळपर्यंत पाठी आखडल्या आणि बायका खरोखर वाकल्या. स्मरणचित्र म्हणतात ते हे.

कलाशाळेशिवायही चित्रे काढत राहता येते, याचा दाखला तिच्याच भागातला: ओतूर हे अनिल अवचटांचे जन्मगाव. ते डॉक्टर, लेखक. कलाशाळेत न जाता आयुष्यभर चित्रे काढत राहिले आणि 'छंदांविषयी' या पुस्तकात त्यांनी आपल्या छंदांबद्दल लिहिले. गावाचे नाव निघाले की मी तिला हे आवर्जून सांगतो.

अलीकडचे तिचे एक रेखाटन मला फार आवडले. बेल्ह्यात दोघेजण उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत आहेत. हात झाकलेले आहेत, चेहरे दोन-दोन रेषांचे. तरी कोण अडून बसला आहे आणि कोण नमते घ्यायला आला आहे ते कळते. एकाचा भार टाचांवर आहे, दुसऱ्याचा चवड्यांवर. चेहऱ्यांचे साम्य तिला अजून साधत नाही आणि बोटे जाड येतात. त्याला वेळ लागेल. पण तिची माणसे आता जमिनीवर उभी राहतात.

कलाशिक्षक मित्रांना एवढेच सांगणे आहे: स्मरणचित्राची तयारी गावच्या आठवडे बाजारात करून घ्या. वही आणि पेन पुरे, खोडरबर शाळेतच ठेवा. आणि मुलांच्या मागे उभे राहून कोणी शेतकरी काही बोलला, तर ते नीट ऐकून घ्या.